तयार कपडे शिवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना खुलं पत्र: लेबलवर लांबीही छापा

प्रति,
महाराष्ट्रातले तयार कपड्यांचे उत्पादक, घाऊक व्यापारी आणि दुकानदार

सप्रेम नमस्कार.

माझी उंची चार फूट दहा इंच, म्हणजे १४७ सेंटीमीटर. डोंबिवलीत राहते, एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते, आणि मला छान कपडे घालायला मनापासून आवडतं. महागडे नव्हेत, छान. अंगावर नीट बसणारे, रंग विचार करून निवडलेले, सकाळची लोकल आणि दिवसभराची खुर्ची सोसूनही संध्याकाळी टापटीप दिसणारे. या आवडीवर महिन्याला हजार-बाराशेच्या वर खर्च करणं मला जमत नाही. माझ्यासारख्या बायका तुमच्या दुकानांत रोज येतात आणि बऱ्याचदा हात हलवत परत जातात. म्हणून हे पत्र.

एक गोष्ट आधीच मांडते, कारण पुढचं सगळं बोलणं तिच्यावर उभं आहे. ट्रायल रूममधून बाहेर आलं की दुकानातली मुलगी सहज म्हणते, ‘मॅडम, तुमची हाइट कमी आहे ना, म्हणून तसं दिसतंय.’ तिचा दोष नाही, तिला तसंच शिकवलेलं असतं. पण आकडे वेगळं सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांची उंची प्रत्यक्ष मोजतात. त्यानुसार भारतातल्या प्रौढ बाईची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटीमीटर आहे, म्हणजे पाच फुटांच्या आसपास. साधारण दहातली एक बाई तर १४५ सेंटीमीटरच्याही आत. अमेरिकेतल्या दुकानांत कमी उंचीच्या बायकांसाठी वेगळा विभाग असतो, तो पाच फूट चार इंच आणि त्याखालच्या उंचीसाठी. तोच निकष इथे लावला तर दादरच्या पुलावरून उतरणाऱ्या बहुतेक जणी त्या विभागात मोडतील. तेव्हा तुम्ही जिला अपवाद धरता, ती तुमची रोजची गिऱ्हाईक आहे.

आणि तरीही कापड बेतलं जातं ते दुसऱ्याच कुणासाठी.

दुकानात टांगलेला सरळ कुर्ता बहुतेक वेळा ४४ ते ४६ इंच लांब असतो. माझ्या खांद्यापासून जमीन ४९ इंचांवर आहे. म्हणजे पोटरीपर्यंत यावा म्हणून शिवलेला कुर्ता माझ्या घोट्याला टेकतो. गुडघ्याच्या जरा खाली येणारा कुर्ता मला हवा असेल, तर तो ३६ इंचांचा लागेल. लेबलवर मात्र फक्त एस, एम, एल. ही मापं छातीची. ३६ छाती असलेली बाई पाच फूट सात इंचांची असू शकते आणि चार फूट नऊ इंचांचीही. दोघींच्या हातात तुम्ही एकच कुर्ता देता.

‘खालून कापून घ्या’ हा तुमचा ठरलेला सल्ला. सुई हातात धरलेल्या कुणालाही विचारा, तो पुरेसा का नाही ते सांगेल. उंच बाईच्या मापाने बेतलेल्या कुर्त्याची कंबर माझ्या कंबरेवर येत नाही, ती खाली नितंबांवर येते. त्यामुळे कंबरेला कापड सैल पडतं आणि सीटला आवळतं. छातीचे टक्स, म्हणजे आकारासाठी शिवलेल्या चुण्या, नको तिथे, खाली उतरतात. बाजूचे कट हवेत त्याहून खाली सुरू होतात, म्हणून चालताना किंवा लोकलची पायरी चढताना पाय अडकतो. मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो भाग, इतका खोल येतो की बाहीच्या फटीतून आतलं दिसतं. गळा पुढे लोंबतो. खांद्याची शिवण दंडावर घसरते, आणि एकदा खांदा घसरला की कितीही सुंदर कापड असो, अंगावर दुसऱ्याकडून मागून आणल्यासारखं दिसतं. हे सगळं वरच्या अर्ध्या भागात आहे. खालून सहा इंच कापून त्यातलं काहीच सुधारत नाही.

पँटचंही तेच. आसन, म्हणजे कंबरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचं माप, लांब, म्हणून ते खाली लोंबतं. गुडघ्याला दिलेला निमुळता आकार पोटरीवर येतो. तळाशी कापलं की मोहरीची, म्हणजे पँटच्या खालच्या तोंडाची, रुंदी बदलते, आणि दुकानात सडपातळ दिसलेली पँट घरी आल्यावर पायजम्यासारखी दिसते.

सगळ्यात जास्त जिवाला लागतं ते नक्षीचं. तुम्ही कुर्त्याच्या घेरावर खाली सुंदर काठ लावता, कशिदा करता, छपाईची वेल देता. त्या काठासाठीच आम्ही तो कुर्ता उचललेला असतो, पैसेही त्याचेच मोजलेले असतात. आणि शिंप्याकडे गेल्यावर पहिली कात्री चालते ती नेमकी त्या काठावर. काठ उसवून वर लावायचा तर मजुरी दुप्पट. अनारकलीत तर तेही जमत नाही, कारण वर गेलं की घेर कमी होतो आणि काठ उरतो.

आता पैशांचं बोलते, तो माझा रोजचा विषय. आमच्या भागात नुसती लांबी कमी करायला साठ-ऐंशी रुपये पडतात. खांदा उचलायचा आणि बाह्या आखूड करायच्या तर दीडशे-दोनशे. सहाशेच्या कुर्त्यावर दोनशेची मजुरी म्हणजे किमतीचा तिसरा हिस्सा. २२ सप्टेंबर २०२५ पासून हजार ते अडीच हजारांच्या कपड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, ते चांगलंच झालं. दीड हजाराच्या कपड्यावर शंभरेक रुपये वाचले. ते शंभर माझ्या हाती राहत नाहीत, तसेच आल्टरेशनवाल्याकडे जातात. पाच फूट सहा इंचांच्या मैत्रिणीने तोच कपडा त्याच दुकानातून घेतला की ती पिशवी उचलून घरी जाते आणि दुसऱ्या दिवशी घालते. मी मात्र आणखी पैसे देते, आणखी चार दिवस थांबते, आणि जे हाती येतं ते तिच्याइतकं बसत नाही.

आईच्या पिढीला हा त्रास एवढा नव्हता. बहुतेक जणी साडी नेसत, आणि साडीला उंचीचं माप नसतं. कापड सगळ्यांना सारखंच, साडेपाच मीटर. कंबरेशी किती खोचायचं ते नेसणारी ठरवते. पुढे पंजाबी ड्रेस आले तेही ड्रेसपीसच्या रूपात. हिंदमाताला नाही तर मंगलदास मार्केटला जाऊन कापड घ्यायचं, गल्लीतल्या शिवणाऱ्या काकूंकडे टाकायचं, त्या टेप लावून माप घ्यायच्या. ड्रेस माझ्या खांद्यावर, माझ्या कंबरेवर यायचा. मग तयार कपडे आले, स्वस्त आले, आणि शिलाई महाग झाली. आज साधा अस्तराचा ड्रेस शिवायचा तर कापडापेक्षा मजुरी जास्त होते. नोकरी करणाऱ्या बाईला शिंप्याच्या फेऱ्या मारायला वेळही नाही. आम्ही तुमच्याकडे आलो ते म्हणून. तयार कपड्यांनी आमचा वेळ वाचवला हे मी मोकळेपणाने मान्य करते. फक्त, अंगावर टेप लावून कापड बेतणारं माणूस मधून गेलं आणि त्याची जागा तुम्ही कुणालाच दिली नाही.

आम्ही यातून वाट कशी काढतो तेही सांगते. त्यावरून आम्हाला काय हवंय ते तुमच्या लक्षात येईल, आणि हे पत्र माझ्या उंचीची एखादी वाचत असेल तर तिलाही उपयोग होईल.

आम्ही ‘अँकल लेंग्थ’ लिहिलेली पँट घेतो, कारण ती आमच्या पायात पूर्ण लांबीची होते. ‘शॉर्ट कुर्ती’ आम्हाला गुडघ्यापर्यंत येते. पाऊण बाही मनगटाशी येते. म्हणजे लेबलवर जे लिहिलंय त्याच्या एक पायरी खालचं उचलायचं. कापड अंगासरशी पडणारं बघतो: मऊ सुती, मलमल, रेयॉन. कडक ऑर्गंझा किंवा खळ दिलेलं जाड कापड अंगापासून सुटून उभं राहतं आणि आम्ही त्यात हरवतो. छपाई बारीक घेतो, बुट्टी नखाएवढी. तळहाताएवढी फुलं असली की माझ्या कुर्त्यावर धड तीनसुद्धा मावत नाहीत, चौथं बगलेत अर्धं कापलेलं असतं. कुर्ता आणि पँट एकाच रंगाच्या जवळपासच्या छटेत ठेवली तर मध्ये रेघ पडत नाही. गडद निळा कुर्ता, गडद निळी पँट आणि ओढणी मात्र रंगीत, एका खांद्यावर: हा माझा ऑफिसचा नेहमीचा वेश आहे आणि तो स्वस्तात होतो, कारण दोन निळ्या पँटांवर पाच कुर्ते निघतात.

उंच दिसण्याचा आटापिटा मी करत नाही. ‘उभ्या रेषाच घाला, टाचा घाला, आडव्या रेषांना हात लावू नका’ असे सल्ले आम्हाला जन्मभर मिळतात. मला आडव्या रेषांचा टीशर्ट आवडतो आणि तो माझ्या खांद्यावर बरोबर बसला की छानच दिसतो. प्रश्न उंचीचा नसतो, बसण्याचा असतो.

साडीतही थोडं बघावं लागतं. पन्हा, म्हणजे साडीची रुंदी, साधारण ४५ इंच आणि माझ्या कंबरेपासून जमीन ३६ इंच. उरलेले नऊ इंच कंबरेत खोचले की पोटाशी गोळा होतो. त्यावर उपाय म्हणजे वरची कड आधी सारखी दुमडून घ्यायची, मग नेसायची. काठ दोन-तीन बोटांचा असला की शोभतो. हातभर काठाची पैठणी सुंदरच, पण माझ्यावर ती नुसती काठाचीच दिसते. इरकल, नारायणपेठी, साध्या सुती साड्या, त्यावर खणाचं ब्लाऊज: कमी पैशात याहून देखणं काही मला माहीत नाही. तयार परकर मात्र इथेही आडवा येतो, ३८-४० इंचांचा, म्हणजे खालून दुमड घालणं आलंच.

आणि कटपीसची दुकानं. ठाण्याच्या जांभळी नाक्याजवळ, दादरला, पुण्यात तुळशीबागेच्या आसपास फिरलं की ठाणाच्या शेवटी उरलेले तुकडे मिळतात. दीड-पावणेदोन मीटरचा तुकडा उंच बाईला कुर्त्यासाठी अपुरा पडतो, म्हणून स्वस्त असतो. मला पुरतो, वर खिसा निघतो. शिवणयंत्र घरी असेल तर दोनशे रुपयांत कुर्ता होतो. पण हे ज्यांना शिवता येतं त्यांचं झालं. बाकीच्यांनी काय करायचं?

बाकीच्यांना तुम्ही लहान मुलींच्या विभागात पाठवता. ‘तेरा-चौदा वर्षांचं बघा ना मॅडम, स्वस्तही पडेल.’ टीशर्ट, स्वेटर, कॅनव्हासचे बूट यांच्यासाठी मीही तिथे जाते, त्यात कमीपणा नाही. पण मुलींच्या कपड्याला छातीचे टक्स नसतात, नितंबांचा घेर नसतो, आणि छातीवर ससा नाही तर चमकी असते. चाळिशीतल्या बाईने ऑडिटच्या दिवशी ते घालून जावं का? मी लहान मूल नाही, कमी उंचीची पूर्ण वाढलेली बाई आहे. माझ्या अंगाची वळणं बाईची आहेत.

यावर तोडगा फार अवघड आहे असं तुम्ही म्हणाल. तुमच्याच दुकानाच्या दुसऱ्या बाजूला तो टांगलेला आहे. पुरुषांच्या फॉर्मल पँटा कित्येकदा तळाशी न शिवता विकायला येतात. गिऱ्हाईक पँट घालून बघतं, दुकानातला माणूस खडूने खूण करतो, आत यंत्रावर दुमड घातली जाते आणि तासाभरात पँट हातात मिळते, बहुतेक ठिकाणी फुकट. जीन्सवर तर कंबर आणि लांबी असे दोन आकडे छापण्याची पद्धत जुनी आहे. पुरुषांच्या उंचीत फरक असतो हे धंद्याने कधीच मान्य केलंय. बायकांच्या उंचीतही असतो.

मापांची माहिती नाही, असंही आता म्हणता येणार नाही. आपल्याकडचे एस, एम, एल मूळ अमेरिका-ब्रिटनच्या तक्त्यांवरून आले. म्हणूनच केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेमार्फत भारतीय मापांचा प्रकल्प २०१८ मध्ये जाहीर केला: १५ ते ६५ वयाच्या २५,००० स्त्री-पुरुषांची मापं त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची, सहा शहरांत, त्यात आपली मुंबई. सरकारी तक्ता आला की बघू, असं म्हणत तुम्ही थांबू नका. उल्हासनगरच्या जीन्सवाल्याला, भिवंडीच्या कुर्तीवाल्याला कमी लांबीची एक वेगळी कटिंग काढायला कुठल्याही तक्त्याची गरज नाही. तुमच्याच कारखान्यात यंत्रावर बसलेल्या बायकांची मापं घ्या. मापांचा अंदाज एका दुपारी येईल.

लेबलचं तर नियमातच आहे. सुटे विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये वेष्टनावर द्यायच्या काही सक्तीच्या माहितीतून सूट दिली, पण माप सांगण्यातून नाही. एस, एम, एल यांच्यासोबत सेंटीमीटर किंवा मीटरमधला तपशील द्यायचा आहे. आज कित्येक लेबलांवर तो छातीपुरता असतो, काहींवर तोही नाही. माझं मागणं एवढंच की त्या तपशिलात लांबी असू द्या. कुर्त्याला खांद्यापासून खालपर्यंतची लांबी, पँटला पायाच्या आतल्या शिवणीची लांबी, बाहीची लांबी. तीन आकडे. छापायला वेगळा कागदसुद्धा लागत नाही.

ऑनलाइन विकणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी करावं, कारण तिथे कपडा अंगाला लावून बघता येत नाही. ‘मॉडेलची उंची पाच फूट आठ इंच, तिने एस घातला आहे’ या वाक्यावरून मी काय ठरवणार? कपड्याची मापं द्या आणि तोच कुर्ता पाच फुटांच्या बाईला घालून एक फोटो टाका. परत येणारी पार्सलं कमी झाली तर फायदा तुमचाच.

छोट्या दुकानदारांकडे जागा नसते, भांडवल अडकतं, प्रत्येक कपड्याच्या दोन लांब्या ठेवणं परवडत नाही, हे मी हिशेबाच्या कामात रोज बघते. म्हणून त्यांना मी सगळं मागत नाही. ज्या गोष्टी वर्षभर खपतात, सरळ पँट, लेगिंग, साधा सुती कुर्ता, परकर, एवढ्यांत तरी कमी लांबी ठेवा. शेजारच्या आल्टरेशनवाल्याशी दर ठरवून घ्या आणि कपड्याच्या बिलातच ते काम करून द्या. फॅशन स्ट्रीटवर किंवा लक्ष्मी रोडवर दहा दुकानं एकाला एक लागून असतात, दहा जणांत मिळून एक यंत्र बसलं तरी पुरे.

उत्पादकांसाठी मात्र हिशेब सरळ आहे. ४६ इंचांऐवजी ४० इंचांचा कुर्ता बेतला तर पुढचा-मागचा भाग मिळून बारा इंच लांबीचं कापड कमी लागतं. हजार कुर्त्यांवर ते किती होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. कमी लांबीच्या कपड्याला वेगळे पैसे लावायचं कारण नाही, उलट तो चार पैसे स्वस्त द्यायला हवा. कटिंग मात्र मुळापासून करा: कंबर वर घ्या, मुंढा वर घ्या, खांदा कमी करा, कट वरून सुरू करा. मोठाच कुर्ता खालून कापून ‘शॉर्ट’ म्हणून टांगू नका. जिथे नवी कटिंग शक्य नाही, तिथे निदान घेराचा काठ वेगळा जोडा, म्हणजे तो उसवून वर लावता येईल, आणि खांद्याच्या शिवणीत पुरेशी माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवा. शिंप्याचं काम सोपं झालं की आमची मजुरी कमी होते.

दिवाळीच्या मालाची कटिंग उन्हाळ्यातच सुरू होते, हे मला माहीत आहे. तुमच्यापैकी कुणी येत्या हंगामासाठी पाच फुटांच्या आतल्या बाईचा एकच कुर्ता आणि एकच पँट बेतून बघणार असेल, तर नमुन्याचा कपडा घालून बघायला मी येईन. उल्हासनगर मला जवळ आहे, भिवंडीलाही येता येईल. शनिवारी दुपारनंतर मोकळी असते. माझ्या ऑफिसातल्या आणखी दोघी यायला तयार आहेत, एक चार फूट अकरा, एक बरोबर पाच फूट. कपडा बसला तर तिघी तिथेच विकत घेऊ आणि ज्या ज्या बाईला तो उपयोगी पडेल तिला तुमच्या दुकानाचा पत्ता देऊ.

आपली,
तुमची एक नेहमीची गिऱ्हाईक
डोंबिवली